छायाचित्राची पाठ कोरी राहू नये

दिवाळीपूर्वीची साफसफाई सुरू झाली की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास वाढतात. एक, धुळीने ज्यांचा दमा उसळला आहे ते. आणि दुसरे, स्टुलावरून पडलेले. दुसऱ्या प्रकारातील बहुतेकांचे वय सत्तरीच्या पुढचे असते. ‘माळ्यावरून काय काढायला गेला होतात?’ असे विचारले, तर उत्तरही ठरावीक येते : जुनी भांडी, गाद्यांच्या खोळी, नाहीतर फोटोंची ट्रंक. भांड्यांसाठी आणि खोळींसाठी खुब्याचे हाड धोक्यात घालू नये, हे मी सर्वांना सांगतो. फोटोंच्या ट्रंकेसाठीही घालू नये. पण ती ट्रंक खाली आली पाहिजे, हे मात्र खरे. ती तरुण हातांनी काढावी आणि लवकर काढावी.

मागील अंकात मधुमेही रुग्णांच्या पायांची निगा हा विषय होता. त्यानंतर एकदम जुनी छायाचित्रे कोठून आली, असे काही वाचकांना वाटेल. परंतु वृद्धांना घरी जाऊन तपासण्याच्या निमित्ताने मला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसत आली आहे. कुटुंबातील जुन्या चेहऱ्यांची नावे ज्या व्यक्तीला ठाऊक असतात, तीच व्यक्ती बहुधा त्या घरातील माझी रुग्ण असते. तिची दृष्टी, तिची वाचा आणि तिची स्मृती यांवर त्या ट्रंकेतील निम्मा ऐवज अवलंबून असतो. आणि पुढल्या वर्षी यांपैकी काय किती उरेल, हे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही.

छायाचित्र दोन प्रकारे नष्ट होते. कागद जातो तो ओलीने, बुरशीने, कसरीने. आणि सावकाश जातो. नीट ठेवलेले कृष्णधवल छायाचित्र शंभर वर्षे टिकू शकते. नाव मात्र एका रात्रीत जाते. आपल्या घरात आजी-आजोबांच्या लग्नाचे समूहचित्र असेल, तर त्यातील किती जणांची नावे आपल्याला सांगता येतात, हे एकदा मोजून पाहावे. सतरंजीवर पुढे बसलेली मुले तर बहुधा कोणालाच ओळखता येत नाहीत, आणि गंमत अशी की त्यांच्यापैकीच कोणीतरी आज घरातील सर्वांत वडीलधारे माणूस असते.

आमच्या व्यवसायाचा या कलेशी संबंध जुना आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, आणि तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. त्याच काळात मुंबईत छायाचित्रे काढणाऱ्या विल्यम जॉन्सन यांनी शहरातील निरनिराळ्या समाजांतील लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्या चित्रांखाली जातीचे, प्रांताचे वा व्यवसायाचे नाव दिलेले आहे. माणसाचे नाव बहुधा नाही. परक्या माणसाने तसे करावे, हे एक वेळ समजण्यासारखे आहे. परंतु आपल्या स्वतःच्या ट्रंकेचीही दोन पिढ्यांत तीच गत होते. पणजीची ‘नऊवारीतील एक स्त्री’ होते.

त्यानंतरची पायरी सर्वांच्या परिचयाची आहे. इमारत पुनर्विकासाला जाते, तीन वर्षांसाठी भाड्याच्या दोन खोल्यांत संसार हलवावा लागतो, आणि ‘यातले कोण कोण आहेत, आपल्याला कुठे ठाऊक आहे?’ या एका वाक्यावर ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. टाकणारा निर्दय नसतो. त्याच्या दृष्टीने ती अनोळखी लोकांची चित्रे असतात.

म्हणून पहिले काम नावे लिहिण्याचे. आणि येथे आपल्याकडची एक विशेष अडचण आहे. ‘नाना, माई, अण्णा व बाबी’ एवढेच पाठीवर लिहिलेले शेकडो फोटो घरोघरी असतील. लिहिणाऱ्याला ते पुरेसे होते. पण नाना आणि अण्णा प्रत्येक घरात दर पिढीला नव्याने निर्माण होतात! नातवाला त्यावरून काहीही कळत नाही. पूर्ण नाव लिहावे, आणि हाक मारण्याचे नाव त्याच्याशेजारी लिहावे. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे लिहावीत. आपल्याकडे लग्नात पुष्कळदा पहिले नावही बदलले जात असे, त्यामुळे एकाच स्त्रीची लहानपणची आणि थोरपणची छायाचित्रे दोन वेगळ्या बायकांची म्हणून नोंदली जातात. नाते लिहिताना ‘आत्या’ असे नुसते न लिहिता कोणाची आत्या ते लिहावे.

तारीख आठवत नसेल तर सनावळी विचारून वृद्धांना भंडावू नये. त्यांच्या मनात काळाच्या खुणा निराळ्या असतात. हा फोटो पानशेतच्या पुराआधीचा की नंतरचा? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हे बाळ झाले होते का? बहात्तरच्या दुष्काळात हे घर होते का? आणीबाणीत? पानशेत फुटले १२ जुलै १९६१ रोजी आणि कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी. एवढ्या खुणांवरून वर्ष दोन-चार वर्षांच्या अंतरात आणून ठेवता येते. घरातील बायकांनी नऊवारी सोडून पाचवारी केव्हा धरली, पुरुषांची टोपी केव्हा गेली, दारी पहिली सायकल वा स्कूटर केव्हा आली, याही खुणा उपयोगी पडतात. पुठ्ठ्यावर किंवा पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असेल तर गावाचा पत्ता मिळतो.

लिहिताना बॉलपेन वा शाईचे पेन वापरू नये. शाई पुढल्या बाजूला उतरते आणि बॉलपेनच्या टोकाची वळ चेहऱ्यावर उमटते. फोटो सपाट काचेवर पालथा ठेवून मऊ शिशाच्या पेन्सिलीने, कडेजवळ, हलक्या हाताने लिहावे. अलीकडच्या रंगीत फोटोंची पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल उमटत नाही; अशा फोटोला क्रमांक देऊन नावे वहीत किंवा पाकिटावर लिहावीत, पण पाकिटावर लिहावयाचे ते फोटो आत घालण्यापूर्वी. समूहचित्राची मोबाइलवर काढलेली प्रत छापून तिच्यावर प्रत्येक डोक्याशी आकडा घालणे सर्वांत सोपे.

आता ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, त्या घराविषयी थोडे सविस्तर लिहितो. कारण तेथे हे काम सर्वांत तातडीचे आणि सर्वांत नाजूक असते.

एका घरी मी दरमहा तपासणीसाठी जात असे. आजींचे वय चौऱ्याऐंशी. निदान होऊन तीन वर्षे झालेली. एकदा गेलो तेव्हा सूनबाई त्यांच्यासमोर अल्बम उघडून बसल्या होत्या आणि विचारत होत्या, ‘आई, हे कोण, सांगा बरं? आणि ह्या? अहो, ह्यांना नाही ओळखलंत? तुमच्या धाकट्या जाऊबाई ना!’ प्रत्येक प्रश्नासरशी आजी अधिकच आक्रसत होत्या. शेवटी त्यांनी अल्बम दूर सारला. सूनबाईंचा हेतू चांगलाच होता. मेंदूला व्यायाम व्हावा, असे त्यांनी कोठेतरी वाचले होते. मी त्यांना एवढेच सुचवले, की आपण विचारू नका, जे दिसते ते आपणच बोला. त्यांनी पुन्हा तेच पान उघडले आणि म्हणाल्या, ‘केवढा रुंद काठ आहे हो आई, या साडीला!’ थोडा वेळ गेला. आजींनी त्या काठावरून बोट फिरवले. ‘हिरवी होती. तिला लाल हवी होती, म्हणून रुसून बसली होती मांडवात.’ जावेचे नाव त्यांना त्या दिवशी आठवले नाही. परंतु त्या कृष्णधवल छायाचित्रातील साडीचा रंग त्या घरात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हता. सूनबाईंनी तो तेथल्या तेथे टिपून ठेवला, आणि नाव पुढे दुसऱ्या एका नातेवाइकांकडून मिळाले.

यामागचे कारण समजून घेतले तर वागणे सोपे जाते. स्मृतिभ्रंशात, विशेषतः अल्झायमरच्या आजारात, नवी आठवण साठवण्याची शक्ती आधी जाते. साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी पुष्कळ काळ तग धरून राहतात. निरोगी वृद्धांच्याही सर्वांत ठळक आठवणी याच वयातील असतात. म्हणून नातवाच्या मुंजीच्या फोटोपेक्षा रुग्णाच्या स्वतःच्या शाळेचा, लग्नाचा, पहिल्या बिऱ्हाडाचा फोटो अधिक बोलका ठरतो. त्यातही नाव ही फार निसरडी गोष्ट आहे. वस्तू, कापड, घराची ओटी, पंगतीतील पदार्थ हे नावापेक्षा अधिक चिवटपणे मनात राहतात. तेथून सुरुवात करावी.

जुन्या आठवणींतून रुग्णांशी संवाद साधण्याच्या या पद्धतीचा अभ्यासही झाला आहे. २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने त्या सर्व अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा काही रुग्णांच्या मनःस्थितीत, संवादात व आकलनात थोडा फरक पडतो, परंतु तो लहान असतो आणि सर्वत्र सारखा आढळत नाही, असे दिसून आले. तेव्हा छायाचित्रे दाखवून आजार मागे हटेल, अशी आशा कोणी धरू नये; कोणी तसे सांगून पैसे मागत असेल तर देऊ नयेत. माझा अनुभव विचाराल तर याचा लाभ रुग्णाइतकाच, किंबहुना अधिक, शुश्रूषा करणाऱ्यास होतो. जिला आपण रोज भरवतो, न्हाऊ घालतो, ती एकेकाळी कॉलेजच्या बॅडमिंटन संघात होती, हे चित्रात पाहिल्यावर न्हाऊ घालणारा हात थोडा बदलतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. एका वेळी एकच मोठा फोटो पुढे ठेवावा. संपूर्ण अल्बम नको. वीस मिनिटे पुरेत. वेळ सकाळची, न्याहारीनंतरची चांगली. सायंकाळी अनेक रुग्णांची बेचैनी वाढते, तेव्हा हा उद्योग करू नये. रुग्ण चुकीचे नाव सांगेल, तर हुज्जत न घालता ते ऐकून घ्यावे आणि खातरजमा दुसरीकडे करावी. बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवणे उत्तम, मात्र मोबाइल तोंडासमोर धरू नये, बाजूला ठेवावा, आणि ज्यांना समजते त्यांना तसे सांगून ठेवावा.

पतीचे चित्र पाहून एखाद्या आजी विचारतात, ‘हे कधी यायचे?’ आणि घरातील लोक गडबडून सत्य सांगून टाकतात. रुग्ण ते विसरतो व पुन्हा विचारतो. दर वेळी ‘ते तर वारले’ असे सांगणे म्हणजे दर वेळी वैधव्याची बातमी नव्याने देणे होय. तसेच ‘येतील संध्याकाळी’ अशी थापही नको. ती दारात वाट पाहायला लावते. ‘आठवण येते ना तुम्हाला त्यांची? कसे होते हो ते?’ असे म्हणून प्रश्नामागील भावनेला उत्तर द्यावे. एवढे करूनही चित्रामुळे रडू, भीती, चिडचिड होत असेल, तर ते चित्र विनातक्रार उचलून ठेवावे. आजार पुढे गेल्यावर काहींना भिंतीवरचे चेहरे घरात शिरलेले परके लोक वाटतात. मग ती तसबीर कितीही आदरणीय असो, त्या खोलीतून हलवावी.

आणखी एक. ‘बाबा हल्ली फोटोतील कोणालाच ओळखत नाहीत’ अशी तक्रार आली की मी प्रथम त्यांच्या डोळ्यांत पाहतो. मोतीबिंदू पिकलेला असेल, चष्म्याचा नंबर दहा वर्षांपूर्वीचा असेल, तर ते ओळखणार कसे? ॲग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे फोटो आपल्याकडे पुष्कळ घरांत आहेत. ते साधारणपणे सहा सेंटिमीटर चौरस असत, आणि त्यात बारा माणसे उभी केलेली असत. तसा फोटो मोबाइलवर घेऊन घरच्या दूरदर्शन संचाच्या पडद्यावर मोठा करून दाखवावा. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या रुग्णाचेही असेच. त्याला चेहरा ओळखू येत असतो, फक्त शब्द सापडत नसतो. त्याला ‘ही वत्सूआत्या का?’ असे विचारावे आणि मान हलवू द्यावी.

जतन करण्याविषयी अनेकांना भलताच उत्साह असतो आणि त्यापायी बरीच हानी होते. लॅमिनेशन करू नये. उष्णतेने बसलेले ते प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नये, ओल्या फडक्याने पुसू नये. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकटच त्याची प्रत घ्यावी. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील, चिकट पानांवर पारदर्शक पापुद्रा असलेल्या अल्बमांतून फोटो मोकळे केलेले बरे, कारण तो चिकटा पिवळा पडून कागद खातो. आधी पूर्ण पानाचा फोटो घ्यावा, मग दातांच्या फटी साफ करण्याचा बिनवासाचा धागा फोटोखालून हळूहळू सरकवावा. न निघाल्यास तसाच राहू द्यावा. ठेवण्यासाठी पांढऱ्या कागदाची पाकिटे व लोखंडी कपाट चांगले. मात्र ते न्हाणीघराच्या वा पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीला टेकलेले नसावे. वर्तमानपत्राचा कागद आणि खाकी पाकीट नको. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांची वाफ फोटोंना चांगली नाही, आणि काही व्यक्तींच्या रक्तात जी६पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात उणीव असते, त्यांच्या, विशेषतः तान्ह्या बाळांच्या, तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात.

बुरशी आलेला अल्बम बंद खोलीत झटकू नये. गच्चीत सावलीत, तोंडाला मास्क लावून उघडावा. दमेकऱ्यांनी व रोगप्रतिकारक शक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. पुराचे पाणी शिरलेल्या घरांत, म्हणजे २००५ साली मुंबईत, २०१९ साली सांगली-कोल्हापुरात, २०२१ साली चिपळुणात, पुष्कळांनी भिजलेले अल्बम उन्हात टाकले आणि त्यांच्या विटा झाल्या. भिजलेले फोटो एकमेकांवर वाळू द्यायचे नसतात. ते ओले असतानाच सुटे करावेत, स्वच्छ गार पाण्यातून हलकेच काढावेत आणि सावलीत कापडावर चित्राची बाजू वर करून पसरावेत. दोन दिवसांत हे झाले नाही तर बुरशी धरते.

प्रती काढण्याबाबत थोडक्यात. दुकानातून ६०० डीपीआयवर स्कॅन करून घेणे उत्तम. ते न जमल्यास खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइलने सरळ वरून फोटो घ्यावा. पाठीमागच्या अक्षरांचाही घ्यावा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याचा दर्जा उतरतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. एक संच घरात, एक परगावच्या वा परदेशीच्या मुलाकडे, एक निराळ्या डिस्कवर असावा. कृष्णधवल चित्रात रंग भरून देणाऱ्या सोयी आता मोबाइलवर आल्या आहेत. करमणूक म्हणून ठीक आहे. परंतु मघाच्या आजींच्या जावेची साडी ते यंत्र निळी करील, नाहीतर गुलाबी करील. मूळ चित्र आणि त्याची तशीच्या तशी प्रत या दोन्ही वेगळ्या राखाव्यात.

सगळे चेहरे सुखाचे नसतात, हेही ध्यानात असावे. काही फोटोंतून एखादे माणूस कात्रीने कापलेले असते. काही कुटुंबांत एखाद्या आजीचे वा पणजीचे एकही चित्र सापडत नाही, कारण फोटो काढल्याने आयुष्य घटते, अशी समजूत होती. किंवा वैधव्यानंतर ती कॅमेऱ्यासमोर आलीच नाही. किंवा असलेले एकमेव चित्र तिच्या मृत्यूनंतर काढलेले असते. लहानपणीच गेलेल्या मुलाचा फोटो एखाद्या आईने साठ वर्षे पदराआड जपलेला असतो. असे काही हाती लागले तर वृद्धांनी सांगितले तेवढेच ऐकावे. त्यांनी ‘राहू दे ते’ म्हटले, तर राहू द्यावे. आणि त्यांना विचारल्यावाचून यांतले काही समाजमाध्यमांवर टाकू नये.

वाटणी हयातीतच झालेली बरी. घरात मृत्यू झाला की तासाभरात चांगल्या फोटोची शोधाशोध सुरू होते आणि शेवटी आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून हार घातला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपला कोणता फोटो लावावा, हे सांगून ठेवणारे एक आजोबा माझ्या परिचयात आहेत. त्यांनी निवडलेल्या फोटोत ते कॅरम खेळत आहेत. मूळ चित्रे एकाकडे, जो सांभाळील त्याच्याकडे, आणि प्रती सर्वांना, ही पद्धत मला व्यवहार्य वाटते. यात लेकींना विसरू नये. अल्बम बहुधा भावाच्या घरी राहतो आणि बहिणींकडे त्यांच्या आईवडिलांचे एखादेच चित्र असते. कित्येकींकडे तेही नसते. साठी-सत्तरीच्या बहिणींना भाऊबीजेला दुसरी साडी देण्याऐवजी माहेरच्या फोटोंच्या प्रतींचे एक पाकीट द्यावे, नावांसह. त्या दिवशी बहिणी जमलेल्या असल्याने जी नावे भावाला आठवत नाहीत ती त्यांच्याकडून भरूनही घेता येतात. दिवाळीच्या आठवड्यात फोटोच्या दुकानांत गर्दी असते, म्हणून प्रतींचे काम वसुबारसेच्या आधीच दुकानात देऊन ठेवावे.